पेटीतलं हसू

अख्ख्या अमेरिकेला हसवणारा माझा लेक रूफस शवपेटीतही हसत होता. दफनवाल्या पिकेटनं त्याच्या ओठांचे कोपरे ओढून वर बसवले होते.

"काढ ते हसू," मी म्हटलं.

"मदर, सिनेमात, टीव्हीवर लोकांनी त्याला असाच पाहिलाय. दर्शनाला सगळं चर्च भरलंय."

"लोकांचं कौतुक मला नको सांगूस. बापानं कमरेचा पट्टा सोडला, की हे पोर कधी पाद्री व्हायचं, कधी पोलीस, कधी शेजारची म्हातारी. बाप हसला तरच पट्टा परत कमरेला जायचा. तिथं शिकला तो ही सोंगं."

पिकेटनं मान खाली घातली. "पण आता कशाला, मदर?"

"पहिल्या बाकावर त्याचा बाप येऊन बसलाय. आज माझं पोर त्याला हसवणार नाही."