वाढीव मुदत

“आज नाही, ताई. आज शेवटची तारीख आहे, तुम्हाला काय वेगळं सांगायचं?”

अकाउंट्स विभागाच्या साहेबांनी मान वर न करताच उत्तर दिलं. समोर उभ्या असलेल्या बाई बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. सगळं ऑफिस त्यांना ताईच म्हणायचं. बिलांचा मेळ घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी फक्त अर्धा दिवस मागितला होता. त्यांच्या आईला आज वृद्धाश्रमात न्यायचं होतं. आईला आताशा माणसं ओळखू येत नसत. पोटचा मुलगा दारात उभा राहिला तर तो मीटर बघायला आलाय असं तिला वाटे. लेकीचं मात्र ती ऐकायची. म्हणून ठरलं होतं, की चार वाजता भाऊ गाडी आणेल आणि आईला हाताला धरून आत सोडायचं ते लेकीने.

“बरं,” एवढंच म्हणून ताई जागेवर जाऊन बसल्या.

पंखे बनवणारी कंपनी होती. कराचं रिटर्न भरायला महिनेच्या महिने मिळायचे, पण कंपनीला जाग यायची ती शेवटच्या आठवड्यात. विक्रीवाल्यांना बिलं तेव्हाच सापडायची. गोदामवाल्यांना मोजणी तेव्हाच आठवायची. मालक सहीसाठी हाती लागायचे तेही अगदी शेवटच्या दिवशी. दोन वर्षांपूर्वी सरकारने ऐन वेळी मुदत वाढवली, तेव्हा बातमी येताच अख्खं ऑफिस दुपारी दोनला घरी गेलं होतं. वाढलेले दिवस सगळ्यांनी मजेत घालवले. रिटर्न तरीही एक दिवस उशिरा गेलं, दंड बसला, आणि मालकांनी खडसावलं ते साहेबांना, तेही चारचौघांत. तेव्हापासून साहेबांनी नियमच केला. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल कपाटात. आज आईमुळे फक्त ताईंचा मोबाइल टेबलावर राहू दिला होता.

दीड वाजता हात धुवायला गेले असताना साहेबांच्या मोबाइलवर सूचना आली. मुदत पंधरा दिवसांनी वाढली होती.

त्यांनी ती दोनदा वाचली. बेसिनपाशी उभं राहून विचार केला. सांगितलं तर पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या होणार. ताईंना एकट्यांना सोडलं तर बाकीचे कारण विचारणार, आणि सगळा मेळ तर त्यांच्याच हातात. जरा वेळाने बघू, असं मनाशी म्हणत त्यांनी मोबाइल खिशात टाकला. बाहेर येऊन ते गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले, “चला, हात चालवा. वेळ थांबणार नाही आपल्यासाठी!”

चारला ताईंचा फोन वाजला. त्या भिंतीकडे तोंड करून हळू बोलत होत्या, पण मधलं पार्टिशन खांद्याइतकंच होतं.

“नाही रे दादा, नाही जमत. साहेब सोडत नाहीत. अरे, शेवटची तारीख आहे आज. तूच ने... बसत नाही म्हणजे? दे बरं तिच्याकडे.” मग आवाज बदलला. लहान मुलाची समजूत काढावी तसा झाला. “आई, गाडीत बस बघू. अगं, मीटरवाला नाही तो, दादा आहे. हो, मी आलेच मागोमाग. आलेच म्हटलं ना.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. अजून वेळ गेली नव्हती. टॅक्सीने वीस मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात विक्रीचा माणूस राहिलेली बिलं घेऊन आत आला, आणि ते पुन्हा बसले. बिलं त्यांनी नुसतीच चाळली, एक आकडा डोक्यात शिरेल तर शपथ. थोड्या वेळाने त्यांनी ताईंच्या टेबलावर चहा पाठवला. मग बिस्किटं पाठवली. ताईंनी कशालाच हात लावला नाही.

पावणेसहाला मालकांची सही झाली आणि रिटर्न गेलं. टाळ्या वाजल्या. “याला म्हणतात काम!” म्हणत मालकांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. ती त्यांना रट्ट्यासारखी लागली. लोकांनी कपाटातून मोबाइल काढले, आणि जिन्यात कुणीतरी ओरडलं, “अरे, मुदत वाढलीय की! उगाच मेलो आपण!” सगळे हसत हसत पांगले. साहेबांचा संशय कुणालाही आला नाही. गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

ताई अजून जागेवरच होत्या. फाइली सावकाश एकावर एक लावत होत्या. घाई म्हणून नव्हती. साहेब त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“ताई, मला दीड वाजताच कळलं होतं. मुद्दाम बोललो नाही मी. तुम्हाला जाता आलं असतं. माझं चुकलं.”

आता त्या रडतील, नाहीतर चार शब्द सुनावतील, असं त्यांना वाटलं. ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती. खरं तर त्यांना ते हवंच होतं. ताईंनी फाइलीची नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.

“मला तुमच्याआधीच कळलं होतं. मोबाइल समोरच होता माझ्या.”

“मग? मग बोलला का नाहीत? एका शब्दाने तरी विचारायचं मला!”

ताईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

“विचारलं असतं, तर तुम्ही मला सोडलं असतं ना, साहेब.”