पाचपैकी पाच

थोरलीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. घरची सगळी माणसं पाळण्यांभोवती गोळा झालेली, आणि धाकटी मात्र अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये घड्याळाकडे डोळे लावून बसलेली. पडद्यावर सात नंबरच्या गाडीपुढे हिरवा ठिपका उमटला.

"पोचली," ती म्हणाली. "दहा मिनिटं चाळीस सेकंद."

"आणि काल?" मागे उभ्या असलेल्या तिच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

"सरासरी अकरा. जुन्या पद्धतीत सतरा होती, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. फार आनंद झाला की ते चष्मा पुसत.

सॉफ्टवेअर नवं होतं. फोन आला की ते गाडी निवडायचं आणि ड्रायव्हरसमोरच्या टॅबवर रस्ता दाखवायचं. ते किती नीट चालतं आणि माणसं त्याला कितपत आपलं म्हणतात, हे मोजायचं काम धाकटीचं. तीन वर्षांचा अभ्यास या तीन महिन्यांच्या चाचणीवर उभा होता. चाचणी फसली तर डॉक्टरेटही गेली. मोजमाप साधं होतं. फोन आला ती वेळ, ड्रायव्हरनं 'पोचलो' दाबलं ती वेळ. रस्ता चुकीचा दाखवला तर टॅबवरचं लाल बटण दाबायचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नावावर एक दोष लागायचा. अडीच महिन्यांत लाल बटण एकदाही कुणी दाबलं नव्हतं.

धाकटी बसली होती ती खुर्ची तिच्या मावशीची. आईची ही सख्खी बहीण सव्वीस वर्षं तिथं बसून गाड्या पाठवत आली होती. रस्ते तोंडपाठ. ड्रायव्हरही तिला मावशीच म्हणत. चाचणीत जुन्या पद्धतीची भेसळ नको, म्हणून तिला टेबलापासून लांब राहायला सांगितलं होतं. ती जिन्यातल्या बाकावर बसे, दिवसभर कानाला फोन. बाळंतिणीची चौकशी चाललीय म्हणून कुणी लक्ष देत नसे.

दुपारी दोघी त्याच बाकावर डबा खात.

"मावशी, माझं जमलं तर तुझी खुर्ची जाईल. तुला काहीच वाटत नाही?"

"बसून बसून कंबरेचा पार भुगा झालाय. जाऊ दे की खुर्ची."

"आणि हे पुढे कुठं चुकलं तर?"

"आत्ता चुकतंय का? मग गप जेव. भाजी संपव."

शेवटच्या आठवड्यात धाकटीनं ड्रायव्हरांना प्रश्नावली दिली. पहिला आला पैलवान, सगळ्यांत जुना.

"सॉफ्टवेअर कामाला उपयोगी पडतं असं तुम्हाला..."

"पाच."

"प्रश्न तरी पुरा ऐका."

"ताई, प्रश्न मारुतीच्या शेपटाएवढा असू दे, आपला आकडा पाच."

बाकीचे खो खो हसले. चोवीस जणांनी सगळीकडे पाच दिले. एका नव्या पोरानं चार लिहिला होता. त्याला पैलवान दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. परत येऊन पोरगा म्हणाला, "पाच करा ताई. घाईत चुकलो."

धाकटीला हसू आवरेना. जुनी माणसं नवं यंत्र सहजी घेत नाहीत, असं तिनं वाचलेला प्रत्येक कागद सांगत होता. इथं साठीला टेकलेले ड्रायव्हर पाचपैकी पाच देत होते.

"असं मी कुठंच पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "पोरी, तू मोठं काम केलंस."

विद्यापीठाचे परीक्षक आणि अँब्युलन्स सेवेचे अधिकारी यांच्या समितीपुढे तिनं आलेख दाखवला तेव्हा तिचा आवाज खणखणीत लागला. हात वर झाले, एकमतानं. ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली आणि तिनं मावशीला मिठी मारली.

"सगळं मंजूर, मावशी. माझी सूचनासुद्धा."

"कसली सूचना?"

"ड्रायव्हरांनी आपापले फोन डेपोतच जमा करायचे. गाडीत फोन असला की टॅबवरचं लक्ष उडतं."

मावशीचा हात तिच्या पाठीवरच थांबला.

"ते कशाला गं?"

"लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. तूच सांगायचीस ना?"

"हो, सांगायची खरी. बघू. पैलवानाशी बोलते मी. आधी पेढे आण, आज तुझा दिवस आहे."

सोमवारी खुर्ची हलवली. फोन पेटीत गेले. नव्या पदवीचं पत्र यायच्या आधीच दुसऱ्या शहरातून धाकटीला बोलावणं आलं. ते सांगायला ती दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी मावशीकडे गेली, तर मावशी स्वयंपाकघरात छाती धरून खाली बसलेली. धाकटीनं फोन लावला. गाडी लगेच निघाली. मावशीचं डोकं मांडीवर घेऊन ती म्हणत राहिली, "आलीच बघ, आलीच."

गाडी आली चौतीस मिनिटांनी. पैलवान धापा टाकत आत शिरला आणि मावशीची नाडी चाचपू लागला. "टॅबनं बंद फाटकावर नेलं, ताई. मग पाडलेल्या पुलावर. आम्ही त्याचं कधी ऐकलंच नव्हतं. गाडी निघाली की मावशीला फोन लावायचा, ती सांगेल तसं वळायचं. लाल बटणाला हात लावू नका, पोरीचं होऊ दे, म्हणाली होती."

मावशी त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी गेली.