पहिला नग

कंपनीच्या वकिलाने पिशवीतून चिनी मातीचा इन्सुलेटर काढला आणि टेबलावर ठेवला. थोरल्याने तो लांबूनच ओळखला. एकाखाली एक तीन घेर, मधला आत वळलेला, म्हणजे पावसाचं पाणी तारेपासून खांबापर्यंत पोचूच नये. या एका घेरासाठी त्याने अकरा वर्षं भट्टीपुढे डोळे जाळले होते, पेटंट मिळवलं होतं आणि खालच्या सुनावणीत ते रद्द करायला निघालेल्या कंपनीला धूळ चारली होती. आज अपील होतं.

"हा तुमचाच ना? आत बघून सांगा," वकील म्हणाला.

बघायची गरज नव्हती. नव्या साच्यातला पहिला नग ओला असतानाच थोरला आत अंगठा दाबायचा आणि काडीने तारीख कोरायचा. दुसरं कोण कौतुक करणार, म्हणून आपलं आपणच करून घ्यायचं. अपील ऐकायला बसलेल्या बाईंनी चष्मा लावून ती तारीख वाचली. पेटंटच्या अर्जाच्या दोन वर्षं आधीची.

तो नग त्याने एकालाच दिला होता, धाकट्या भावाला. धाकट्याच्या दारातल्या खांबावर पावसाळाभर ठिणग्या उडायच्या, त्याच्या मुली अंगणात पाय ठेवायला घाबरायच्या. म्हणून थोरला स्वतः खांबावर चढला होता. शिडी धाकट्याने धरली होती.

"माझाच," थोरला म्हणाला.

"म्हणजे तुमच्या भावाने लिहून दिलंय ते खरं. अर्जाआधी दोन वर्षं हा भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वापरात होता. मग नवीन काय राहिलं? तुम्हीच लावलात म्हणून कायदा बदलत नाही." वकील म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं. पेटंट गेलं.

बाहेर जिन्यापाशी धाकट्याने त्याला गाठलं. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची कोरी दोरी होती.

"दादा, मी खोटं एक अक्षर बोललो नाही. त्यांनी मागितला, मी उतरवून दिला."

थोरल्याच्या शिव्या अगदी ओठांवर होत्या, पण तोंडातून निघालं भलतंच.

"मग तार आता कशावर आहे? पोरी अंगणात खेळतात."

"त्यांनी लगेच दुसरा बसवला ना!" धाकट्याला हायसं वाटलं. "तू नको काळजी करूस. अगदी तुझ्यासारखाच आहे, तीन घेरांचा. आत अंगठा तेवढा नाही."