कवळीची परीक्षा

जवळ सरकून बसा, एका भल्या माणसाची गोष्ट सांगते. लग्नानंतर मोठं शहर सोडून इथं आले आणि चिवट बेगलला, त्या कड्यासारख्या गोल पावाला, मुकले. इथं मिळायचा तो नुसता मधे भोक पाडलेला मऊ पाव. एकदा रडवेली होऊन नवऱ्याला म्हणाले, “मी इथं रमायची नाही!” मामंजींनी ऐकलं. त्यांनी आसपासच्या गावांतल्या बेकऱ्या पालथ्या घातल्या. रोज येऊन म्हणायचे, “कापूस आहे गं सूनबाई, कापूस!” एका संध्याकाळी मात्र बोळकं पसरून हसत आले.

“अहो मामंजी, कवळी कुठं हरवलीत?”

त्यांनी पिशवीतून बेगल काढला. कवळी त्यातच रुतून बसली होती.

“शापडला, शूनबाई!”

मी रमले ती कायमची. देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्या मामंजींनाही आठवा.