चालू असताना बंद केला तर

"बाबा, आता त्या लाल पेनाकडे बघा," नयना म्हणाली.

दादाराव वासनिक वाकले. लखनौच्या रेल्वे वर्कशॉपात ते फिटर होते. ऐंशी सालापासून चार वर्षं पोरगी प्रयोगशाळेच्या या खोलीत काय करते, ते बघायला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. प्रबंध बांधून तयार होता. सोमवारी विद्यापीठात जमा व्हायचा होता.

सरकत्या कागदावर पेनानं एक टोकदार शिखर काढलं.

"या पेटीत आर्गॉनचे अणू आहेत. प्रत्येकाचे दोन-दोन इलेक्ट्रॉन आम्ही काढून घेतलेत. समोर अमोनियाचा साधा रेणू आला, की असा अणू त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग दोघं एकमेकांना ढकलत लांब उडतात. हे शिखर म्हणजे तो लुटलेला अमोनिया."

"अधांतरी होतं हे सगळं? कशाला न टेकता?"

"हो. तोच तर माझा विषय."

दादारावांनी नळ्या, नट, जोड निरखले. "अमोनियाचा व्हॉल्व्ह हाच ना? बंद केला तर?"

"शिखर जाणार. सकाळी गॅस सोडण्याआधी कागद कोराच असतो."

"आधीचं नाही म्हणत. चालू असताना बंद केला तर? आमच्या शॉपात तसंच बघतात."

नयनानं हसत व्हॉल्व्ह बंद केला. दाबाचा काटा उतरत उतरत तळाला टेकला. पेटी रिकामी झाली.

पेनानं पुन्हा तेच शिखर काढलं. तेवढंच उंच.

ती दहा मिनिटं थांबली. पुन्हा तेच.

"बंद करूनही येतंय की!" दादाराव खूश झाले. "पक्कं काम आहे, हाँ!"

तिचे मार्गदर्शक डॉ. देवधर टेबलावरून उठून आले. त्यांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली, कागद पाहिला.

"भिंतीला चिकटलेला अमोनिया," ते म्हणाले.

टक्कर अधांतरी होतच नव्हती. अणू पेटीच्या भिंतीवर आपटत होते आणि तिथला अमोनिया उडवत होते. रात्रभरात तो निघून जायचा, म्हणून सकाळी कागद कोरा. चार वर्षांचे आकडे भिंतीचे होते.

"पुन्हा मोजायचं तर, सर?"

"पेटीच नवी लागेल. वर्ष, दीड वर्ष. तुझी फेलोशिप मार्चअखेर संपते, आणि मुदतवाढ त्यांनी नाकारलीय." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "देखो नयना, परीक्षक काही इथं येऊन व्हॉल्व्ह बंद करणार नाहीत."

"मी केला ना, सर."

देवधर चष्मा पुसत बाहेर व्हरांड्यात गेले.

"काय झालं?" दादारावांनी हळूच विचारलं.

"सोमवारी प्रबंध जमा करता येणार नाही, बाबा."

"मग कधी?"

"माहीत नाही."

ते स्टुलावर बसले. "मी विचारायला नको होतं का गं?"

"बरोबर विचारलंत. चार वर्षांत आम्हाला सुचलं नाही."

त्यांनी मान हलवली. हाताची बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली.

"चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पत्रिका पार निशातगंजपर्यंत वाटून झाल्या," ते म्हणाले. "सत्कारात तुझ्या नावापुढे डॉक्टर छापलंय."