गालावरची तीट

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळी पाडव्याला शरच्चंद्रांनी ओवाळणीत बायकोला तिचंच चित्र दिलं, स्वतःच्या हातानं रंगवलेलं. चेहरा काही लीनाताईंशी फारसा जुळत नव्हता, वर गालावर एक काळा ठिपका.

"मला कुठंय तीळ?"

"तीळ नाही गं, तीट आहे. माझ्या बायकोला कुणाची दृष्ट लागायला नको."

त्या ठिपक्यावर भाळून लीनाताईंनी तीस वर्षं सुखानं संसार केला.

परवा कोपरगावच्या नव्या घराची भिंत रिकामी दिसते म्हणून दोघं नगरला फ्रेमवाल्याकडे गेली. दुकानदार जुन्या नावाजलेल्या चित्रांच्या प्रिंट एकेक करून उलगडत होता. चौथी उलगडली आणि शरच्चंद्र घाईघाईनं म्हणाले, "ही नको, दुसरी दाखवा."

पण तोवर लीनाताईंनी पाहिलं होतं. तोच चेहरा, तीच नथ, तोच खांद्यावरून घसरलेला पदर.

"बघा तरी काकू," दुकानदार म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीचं चित्र आहे. गालावरच्या या तिळावर लोक अजून जीव ओवाळून टाकतात."



"तीळ नाही हो, तीट आहे ती," लीनाताई म्हणाल्या. "विचारा यांना."