वास गेला

आनंदी त्या कारखान्यातली पहिली बाई केमिस्ट. सडक्या अंड्यांचा वास आला की ती सगळ्यांना बाहेर काढायची आणि पुरुष मागून हसायचे. आजही तिने प्लांट रिकामा केला. थोड्या वेळाने त्या हसणाऱ्यांपैकीच एक कामगार, भावेश, दारातून डोकावून आला.

“वास गेला, मॅडम. चला आत!”

तिने त्याची कॉलरच धरली. “वेडा आहेस का? हा गॅस फार वाढला की वास येईनासा होतो. आधी नाक मरतं, मग माणूस.”

भावेश दारापासून मागे सरला. तेवढ्यात तिचं लक्ष वाऱ्याकडे गेलं. वारं कुंपणापलीकडे, तिच्या भाड्याच्या खोलीकडे वाहत होतं, आणि खोलीत आई एकटी होती. तिने घाईघाईने फोन लावला.

“आई, तिकडे वास येतोय?”

“मंगाशी लय येत होता, बाय. आता बिलकूल नाय. तू भिऊ नको.”